यीस्ट आणि साखरेपासून पाणवनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड : नाशिकच्या हवामानाला धरून सविस्तर मार्गदर्शन

प्रकाश वाढवला, खत घातले, तरीही रोटाला या पाणवनस्पतीची पाने बारीकच राहतात, लुडविजिया या दुसरीला लाली चढत नाही आणि काचेवर मात्र हिरवा थर धरतो, अशी तक्रार वनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीबाबत वरचेवर ऐकू येते. तिच्या मुळाशी बहुधा कार्बनची कमतरता असते. वनस्पतीच्या कोरड्या वजनातील जवळजवळ ४० ते ४५ टक्के वाटा कार्बनचा असतो, आणि पाण्याखाली वाढणाऱ्या बहुतेक वनस्पती तो विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात हा वायू लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो. मासे आणि गाळातील जीवाणू यांच्यामुळे टाकीत तो दोन-चार मिलिग्रॅमपर्यंत जातो, पण भरभर वाढणाऱ्या खोडवर्गीय वनस्पतींना १५ ते ३० मिलिग्रॅम असेल तर वाढीत डोळ्यांना दिसणारा फरक पडतो.

हा वायू पुरवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे सिलिंडर, दाब आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर आणि विजेवर उघडबंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. मात्र दोन फुटी टाकीसाठी एवढा खर्च करणे सर्वांना पटत नाही, आणि तिथेच साखर व यीस्टची बाटली उपयोगी पडते. तिची कृती कोणालाही अर्ध्या तासात जमते. कठीण जाते ते सातत्य. आज ३० मिलिग्रॅम, परवा ८ आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा २५ अशी चढउतार झाली, तर वनस्पतींना त्याचा फारसा लाभ होत नाही आणि पानांच्या कडांवर काळे झुबकेदार शेवाळ धरते. म्हणून पुढील मार्गदर्शनात मिश्रणाच्या प्रमाणापेक्षा पुरवठा एकसारखा कसा राहील, याकडे अधिक लक्ष दिले आहे.

ही पद्धत कोणी वापरावी

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते, आणि माती, दगड व वरची मोकळी जागा वजा केल्यास ४५ लिटर उरते. यीस्टच्या बाटलीसाठी हा आकार योग्य आहे. ८० लिटरपर्यंत दोन बाटल्यांवर काम भागते, पण तीन फुटी किंवा त्याहून मोठ्या टाकीसाठी बाटल्यांची रांग लावण्यापेक्षा सरळ सिलिंडर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकीत केवळ अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन असतील, तर या उठाठेवीची गरजच नाही, कारण त्या संथ वाढतात आणि आहे त्या कार्बनवर समाधानी असतात.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. अनेक घरांत टाकीचा फिल्टर हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा असतो. त्याचे बुडबुडे पृष्ठभाग सतत ढवळतात आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत उडवून लावतात. असा फिल्टर दिवसभर चालू ठेवून यीस्टची बाटली जोडणे म्हणजे साखर वाया घालवणे होय. आधी पाण्याखाली चालणारा मोटरचा फिल्टर बसवावा आणि त्याचे तोंड असे वळवावे की पृष्ठभागावर हलकी थरथर राहील, पण पाणी उसळणार नाही.

बाटलीत काय घडते

बेकरीत पावासाठी आणि नाशिकच्या वायनरींत द्राक्षरसासाठी जे यीस्ट वापरतात, ते मूलतः एकाच जातीचे असते. साखर खाऊन ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. वायनरीत अल्कोहोल राखून ठेवतात आणि वायू सोडून देतात, तर आपल्याला वायू हवा असतो आणि अल्कोहोल शेवटी मोरीत जाते. २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर हिशेबाने सुमारे १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब किंचित कमी असतो, त्यामुळे २५ अंश सेल्सिअसला एवढ्या वायूचे आकारमान ६० लिटरच्या आसपास भरते. पंधरा दिवसांत तो निघतो असे धरले, तर दिवसाला चार लिटर, म्हणजे मिनिटाला पावणेतीन मिलिलिटर एवढा पुरवठा होतो.

आता दुसरी बाजू पाहावी. ४५ लिटर पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम वायू विरघळलेला असेल, तर त्या संपूर्ण टाकीत मिळून केवळ १.३५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ८०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड असतो. बाटली दिवसाला चार लिटर देते आणि टाकीत एका वेळी पाऊण लिटरच्या आसपास मावतो. याचा अर्थ असा, की बहुतेक टाक्यांत वायू कमी तयार होत नसतो, तो विरघळण्याआधीच वर निघून जात असतो. यीस्ट आणि साखर वाढवत राहण्याआधी वायू पाण्यात नीट मिसळतो आहे का, हे तपासावे.

अल्कोहोल वाढत गेले की यीस्ट मंदावते. पावाचे यीस्ट साधारण १० ते १४ टक्क्यांपर्यंत तग धरते. २०० ग्रॅम साखरेपासून सुमारे १३५ मिलिलिटर अल्कोहोल तयार होते, त्यामुळे एकूण मिश्रण दीड लिटरच्या जवळ ठेवल्यास प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास राहते आणि साखर पूर्ण वापरली जाते. तेवढ्याच पाण्यात ४०० ग्रॅम साखर घातल्याने बाटली दुप्पट दिवस चालत नाही, कारण उरलेली साखर शिल्लक असतानाच यीस्ट थांबते. वाइनसाठी मिळणारे यीस्ट हाती लागले, तर ते अवश्य वापरावे. त्याचे काही प्रकार १८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल सहन करतात आणि थंडीतही कामाला लागतात.

साहित्याची निवड

बाटली थंड पेयाचीच घ्यावी, सव्वादोन किंवा दोन लिटरची. ती आतला दाब सहन करण्यासाठीच घडवलेली असते. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही, आणि काचेची बाटली तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, कारण नळी तुंबल्यास ती फुटून इजा होऊ शकते. शिवाय सव्वाशे ते पाचशे मिलिलिटरची एक लहान बाटली लागते. तिचे काम पुढे येईल.

नळीबाबत दुकानदार अनेकदा मऊ, दुधट रंगाची सिलिकॉनची नळी पुढे करतात. हवेच्या पंपासाठी ती उत्तम आहे, पण कार्बन डायऑक्साइड सिलिकॉनमधून सहज झिरपून निघून जातो. थोडी ताठर, पारदर्शक पीव्हीसीची किंवा पॉलियुरेथेनची नळी मागावी. याशिवाय वायू एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टी-जोड, दाणेदार इन्स्टंट ड्राय यीस्ट, साखर आणि खाण्याचा सोडा एवढे पुरते. यीस्ट बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते. पाकीट फोडल्यावर ते हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर उन्हाळ्यात काही आठवड्यांतच त्याचा जोर जातो. साखरेऐवजी गूळ चालतो, पण त्याचा फेस जास्त येतो आणि बाटली चिकट होते, त्यामुळे मी तो सुचवणार नाही.

झाकण आणि नळी : गळतीचे मूळ

या संपूर्ण जुळवणीत सर्वाधिक काळजी झाकणाच्या भोकाची घ्यावी लागते. बाटलीचे झाकण ज्या प्लॅस्टिकचे असते, त्याला सिलिकॉन नीट चिकटत नाही. वरून कितीही लेप दिला, तरी काही दिवसांत तो कडेने सुटतो. यावर सोपा उपाय असा, की भोक नळीच्या बाहेरील व्यासापेक्षा थोडे लहान पाडावे. सर्वसाधारण नळीचा बाहेरील व्यास ६ मिलिमीटर असतो, तेव्हा ५ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक घ्यावे. तापवलेल्या खिळ्याने पाडलेले भोक गोल राहत नाही आणि त्याच्या कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकचा उंचवटा उरतो, म्हणून शक्यतो ड्रिलच वापरावे.

नळीचे टोक कात्रीने लांब तिरके कापावे, लेखणीच्या टोकासारखे. ते टोक भोकातून आत सारल्यावर दुसऱ्या बाजूने पकडीत धरून ओढावे. नळी भोकात आवळते, लांबते आणि एकदम सरकते. दोन-तीन सेंटिमीटर आत आल्यावर ओढणे थांबवून तिरके टोक कापून टाकावे. ताण गेला की नळी पुन्हा फुगते आणि भोकाच्या कडेला घट्ट बसते. मुख्य बाटलीच्या झाकणात नळीचे टोक एवढेच, अगदी वरच, राहिले पाहिजे, जेणेकरून फेस त्यात शिरणार नाही. ज्यांना ही खटपट नको असेल, त्यांनी पितळी जोड असलेली तयार झाकणे घ्यावीत. ती आता सहज मिळतात आणि चांगली टिकतात.

लहान बाटली निम्मी पाण्याने भरून मुख्य बाटली आणि टाकी यांच्या मध्ये बसवावी. तिच्या झाकणात दोन नळ्या असतात. मुख्य बाटलीकडून येणारी नळी पाण्यात बुडालेली असावी आणि टाकीकडे जाणारी नळी पाण्याच्या वर राहावी. ही अदलाबदल झाली, तर वायूच्या दाबाने लहान बाटलीतील सगळे पाणी टाकीत जाते. या बाटलीचे दोन उपयोग आहेत. मुख्य बाटलीतून फेस उसळला, तर तो इथे अडतो, टाकीत जाऊन पाणी दुधाळ करत नाही. आणि बुडबुडे मोजायला ती समोर असते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लहान बाटलीच्या पुढे, टाकीच्या बाजूने बसवावा. रात्री गारवा वाढला किंवा मिश्रण थकले, की बाटलीतील वायू आकसतो आणि टाकीतील पाणी नळीतून मागे ओढले जाते. बाटली टाकीखालच्या कपाटात असेल, तर हे पाणी सायफनने वाहतच राहू शकते. व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी तोंडाने फुंकून पाहावे. एका बाजूने हवा जावी आणि दुसऱ्या बाजूने अजिबात जाऊ नये. स्वस्त व्हॉल्व्ह वर्षभरात सैल होतात, म्हणून ही चाचणी अधूनमधून पुन्हा घ्यावी.

मिश्रण तयार करणे

आदल्या रात्री नळाचे सव्वा-दीड लिटर पाणी उघड्या पातेल्यात ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीनचा बराच भाग निघून जातो. सकाळी त्यातील १०० मिलिलिटर पाणी कोमट करावे. बोटाला ऊब जाणवावी पण चटका बसू नये, म्हणजे ३५ ते ४० अंश एवढेच. पन्नास अंशांच्या वर यीस्ट मरू लागते, त्यामुळे उकळते पाणी घाईने गार करून वापरण्याच्या फंदात पडू नये. या पाण्यात एक चमचा साखर आणि पाव चमचा यीस्ट घालून ढवळावे आणि झाकून ठेवावे. दहा-पंधरा मिनिटांत पृष्ठभागावर तपकिरी छटेचा साईसारखा फेस धरतो आणि भांड्याजवळ नाक नेले की ताज्या पावाचा वास येतो. अर्ध्या तासानंतरही पाणी नुसते गढूळ राहिले, तर यीस्ट निकामी झालेले आहे, त्याच्यावर २०० ग्रॅम साखर खर्च करू नये.

दरम्यान उरलेल्या पाण्यात २०० ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा पूर्ण विरघळवून ते बाटलीत ओतावे. आंबताना मिश्रण आम्लधर्मी होत जाते आणि सोडा तो वेग रोखतो. बाटली झाकून जोरात हलवावी, कारण सुरुवातीच्या वाढीसाठी यीस्टला पाण्यातील ऑक्सिजन लागतो. मग त्यात फेसाळलेले यीस्ट ओतावे आणि मिश्रणाच्या वर किमान १० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. यीस्टचे प्रमाण पाव चमच्यावर वाढवण्याचा मोह टाळावा. एक चमचा घातल्यास पहिले दोन दिवस धबधब्यासारखा वायू येतो आणि आठवडा संपायच्या आत बाटली शांत होते.

सर्व जोड पूर्ण झाल्यावर साबणाचे दाट पाणी बोटाने झाकणाभोवती आणि प्रत्येक जोडावर लावावे. गळती असेल तिथे बारीक बुडबुड्यांचा पुंजका फुगतो. पहिला वायू १२ ते २४ तासांत, थंडीत दोन दिवसांनी येतो. नळीचे टोक त्या काळात टाकीबाहेर एका ग्लासभर पाण्यात ठेवावे आणि वेग स्थिरावल्यावरच टाकीत सोडावे.

इथे एक सूचना ठामपणे द्यावी लागते. रात्री वायू बंद करण्यासाठी नळीवर तोटी बसवू नये, चिमटा लावू नये किंवा बाटलीचे झाकण पूर्ण बंद करू नये. यीस्ट थांबत नाही, दाब वाढत राहतो आणि शेवटी झाकण, जोड किंवा बाटली यांपैकी काहीतरी सुटते. बाटली उघडतानाही झाकण हळूहळू फिरवावे आणि दाब निघून जाऊ द्यावा.

वायू पाण्यात कसा विरघळवावा

सिरॅमिक डिफ्यूझरमधून निघणारे धुक्यासारखे बारीक बुडबुडे दिसायला सुंदर असतात, पण त्यासाठी बराच दाब लागतो. यीस्टच्या बाटलीत तो सावकाश चढतो आणि जुळवणीत केसाएवढी फट असली, तरी वायू तिथून निघून जाऊन डिफ्यूझर कोरडा राहतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने नळीचे टोक फिल्टरच्या शोषणाऱ्या बाजूला, स्पंजच्या अगदी खाली ठेवावे. बुडबुडा आत ओढला जातो, पंख्याच्या पात्यांवर फुटतो आणि पाण्यात मिसळतो. फिल्टरमधून अधूनमधून खरखर ऐकू येते, त्यात बिघडण्यासारखे काही नाही. मात्र फिल्टरच्या तोंडावर हवा ओढण्यासाठी जी बारीक नळी असते, तिला बाटली जोडू नये. ती बाटलीतून सतत ओढ घेते आणि पुरवठ्यावर काही नियंत्रण उरत नाही.

आणखी साधा मार्ग म्हणजे एक लहान पारदर्शक प्लॅस्टिकचा पेला पाण्याखाली उलटा बसवून त्यात वायू साठू देणे. पेल्यातील वायू आणि पाणी यांच्या संपर्कातून तो संथपणे विरघळतो. या पद्धतीने ३० मिलिग्रॅम गाठणे अवघड असले, तरी पुरवठ्यातील चढउतार पेल्यातच मुरते, आणि एक-दीड फुटी टाकीसाठी मला ती सर्वांत समजूतदार वाटते.

मोजमाप

बुडबुड्यांची संख्या केवळ आपल्याच टाकीत कालच्याशी आजची तुलना करण्यासाठी उपयोगी असते, कारण नळीच्या तोंडानुसार बुडबुड्याचा आकार बदलतो. ४५ लिटरच्या टाकीत दोन-तीन सेकंदांना एक बुडबुडा इथून सुरुवात करावी. खरे प्रमाण पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, आणि अंशांत मोजली जाणारी कार्बोनेट कठीणता, म्हणजे केएच, यांवरून काढता येते. सातमधून पीएच वजा करून येणारा आकडा १० चा घातांक मानावा, आणि त्या संख्येला केएचने व तीनने गुणावे. केएच ५ असेल, तर पीएच ७.४ ला कार्बन डायऑक्साइड सुमारे ६ मिलिग्रॅम, ७.२ ला साडेनऊ, ६.८ ला २४ आणि ६.७ ला ३० मिलिग्रॅम भरतो. टाकीत पाण्याला चहासारखा रंग देणारे लाकूड असेल, तर त्यातील आम्लांमुळे पीएच वेगळ्याच कारणाने उतरतो आणि हे गणित फसवे ठरते.

म्हणून टाकीच्या आत चिकटवायचा ड्रॉप चेकर घ्यावा. त्याच्या फुग्यात ४ केएचचे पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू या आम्लतेनुसार रंग बदलणाऱ्या द्रवाचे दोन-तीन थेंब असतात. टाकीतील वायू मधल्या हवेच्या पोकळीतून त्या द्रवात जातो. द्रव निळा दिसला तर वायू कमी आहे, हिरवा असेल तर ३० मिलिग्रॅमच्या जवळ आहे आणि पिवळा झाला तर माशांना धोका आहे. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, हे लक्षात ठेवून दिवे लागल्यावर लगेच निष्कर्ष काढू नये. चार केएचचे पाणी घरी तयार करता येते : १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवावा आणि त्यातील १०० मिलिलिटर घेऊन आणखी डिस्टिल्ड वॉटरने एक लिटर करावे. बॅटरीसाठीचे डिस्टिल्ड वॉटर चालते. स्वयंपाकघरातील काट्यावर १.२ ग्रॅम नीट मोजले जात नाहीत. सराफ बाजारात कोणाशी ओळख असेल, तर तेथील काट्यावर पुडी बांधून आणणे सर्वांत अचूक.

महापालिकेचे धरणातून येणारे पाणी आणि सोसायटीच्या बोअरचे पाणी यांच्या केएचमध्ये मोठा फरक असू शकतो, कारण बोअरचे पाणी बेसॉल्ट खडकातून झिरपताना क्षार घेऊन येते. ज्या सोसायटीत उन्हाळ्यात दोन्ही पाणी एकाच साठवण टाकीत पडते, तिथे केएच महिन्यागणिक बदलतो. केएच तीनच्या खाली असेल, तर वायूमुळे पीएच झपाट्याने घसरू शकतो. ४५ लिटर पाण्यात १.३५ ग्रॅम खाण्याचा सोडा घातल्यास केएच एका अंशाने वाढतो. ही वाढ एका दिवसात एका अंशापेक्षा जास्त करू नये.

नाशिकचे ऋतू आणि बाटली

यीस्टचा वेग तापमानावर अवलंबून असतो, आणि नाशिकच्या हिवाळ्यात दिवस व रात्र यांत मोठी तफावत पडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो, निफाडकडे तर आणखी खाली, आणि दुपारी तोच २८ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत उघड्यावर ठेवलेली बाटली पहाटे जवळजवळ थांबते आणि तिसऱ्या प्रहरी जोरात चालते. सकाळी सात वाजता दिवे लावणाऱ्याच्या वनस्पतींना प्रकाश मिळतो पण वायू मिळत नाही. म्हणून हिवाळ्यात दिव्यांची वेळ दुपारी एक ते रात्री आठ अशी सरकवावी. एका टायमरने हे काम होते.

बाटली पाण्याने भरलेल्या बादलीत गळ्यापर्यंत उभी ठेवणे हा वर्षभर चालणारा उपाय आहे. बादलीतील दहा-बारा लिटर पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे दिवसरात्रीची तफावत बरीच कमी होते. हिवाळ्यात त्याच बादलीत २५ वॉटचा अ‍ॅक्वेरियम हीटर २६ अंशांवर लावल्यास जानेवारीतही वायू जुलैसारखा येतो. हीटर नको असेल, तर बादलीभोवती थर्माकोलचे खोके ठेवावे.

एप्रिल-मे महिन्यांत प्रश्न उलट होतो. चाळिशीच्या जवळ गेलेल्या दुपारी मिश्रण आठ-दहा दिवसांतच संपते, आणि टाकीतील पाणीही ३० अंशांवर जाते. समुद्रसपाटीला ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर नाशिकच्या उंचीवर सुमारे सात. अशा पाण्यात ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा हट्ट धरू नये, १५ ते २० पुरे. यीस्ट पाव चमच्याऐवजी त्याच्या निम्मे घ्यावे आणि बादली खोलीच्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी.

रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटली तर चालूच असते. त्यामुळे दिवे बंद होताच हवेचा पंप सुरू होईल आणि दिवे लागण्यापूर्वी तासभर तो बंद होईल, असा दुसरा टायमर लावावा. उन्हाळ्यात हे टाळता येण्यासारखे नाही. वीज गेल्यावर फिल्टर आणि पंप दोन्ही थांबतात, अशा वेळी नळीचे टोक टाकीबाहेर काढून ग्लासात सोडावे.

दोन बाटल्यांची पाळी

एका बाटलीचा आलेख नेहमीच टेकडीसारखा असतो : चढ, माथा आणि लांब उतार. दोन बाटल्या टी-जोडाने एकत्र आणून त्या आठवड्याच्या अंतराने भराव्यात, म्हणजे एकीचा उतार दुसरीच्या चढाने भरून निघतो. प्रत्येक बाटलीला टी-जोडाच्या आधी स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असावा, नाहीतर एक बाटली उघडताच दुसरीचा वायूही तिथूनच निघून जातो. बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून भरल्याची तारीख लिहावी आणि दर रविवारी जुनी बाटली बदलावी, तिच्यातून अजून बुडबुडे येत असले तरीही. शेवटच्या बुडबुड्याची वाट पाहणाऱ्याच्या टाकीत शेवाळ हमखास येते.

एकाच बाटलीवर भागवायचे असेल, तर साखर चायना ग्रासमध्ये गोठवावी. सहा ग्रॅम चायना ग्रासची पावडर ६०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावी, त्यात २०० ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा सोडा घालावा. हे मिश्रण ५० ते ५५ अंशांपर्यंत निवल्यावरच बाटलीत ओतावे. अधिक गरम ओतल्यास बाटली आकसून वाकडी होते, आणि ४० अंशांच्या खाली गेले तर ते पातेल्यातच गोठते. बाटलीत जेली घट्ट झाल्यावर वरून ६०० मिलिलिटर कोमटसर पाण्यात फुलवलेले यीस्ट ओतावे. साखर जेलीतून हळूहळू पाझरते आणि पुरवठा बराच सपाट राहतो. जिलेटिनने हेच साधता येते, पण ते ३०-३५ अंशांना वितळते, त्यामुळे मे महिन्यात त्याचा काही उपयोग नाही.

अडचण आल्यास

मिश्रणावर फेस दिसतो पण लहान बाटलीत बुडबुडा नाही, तर गळती आहे, साबणाचे पाणी पुन्हा लावावे. फेसही नाही, तर यीस्ट मेले आहे किंवा मिश्रण फार थंड आहे. बाटली तासभर कोमट पाण्यात उभी करून पाहावी आणि तरीही हालचाल नसेल, तर नव्याने फुलवलेले यीस्ट घालावे. नळीच्या टोकावर किंवा डिफ्यूझरवर पांढरट बुळबुळीत थर धरतो. तो जीवाणूंचा असतो, माशांना अपाय करत नाही, पुसून काढला की झाले.

मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले, त्यांचे कल्ले भरभर हलू लागले किंवा कोळंबी एका जागी निपचित पडली, तर ड्रॉप चेकरच्या रंगाची वाट पाहू नये. नळी बाहेर काढावी, हवेचा पंप पूर्ण वेगात लावावा आणि क्लोरीन काढलेले, टाकीच्याच तापमानाचे पाणी घालून तिसरा हिस्सा पाणी बदलावे. पुढील दिवशी नळी पुन्हा सोडताना तिचे टोक फिल्टरपासून थोडे दूर ठेवले, तर कमी वायू विरघळतो.

वायू पुरेसा असूनही वाढ दिसत नसेल, तर प्रकाश रोज सात-आठ तास आहे ना आणि पोटॅशियम, नायट्रेट व लोह यांची खते नियमित पडतात ना, हे तपासावे, कारण कार्बन वाढताच वनस्पतींची इतर भूकही वाढते.

संपलेल्या बाटलीतील द्रव आंबट, अल्कोहोलयुक्त आणि सोड्याचा असतो. तो पिण्यायोग्य नाही आणि कुंड्यांतील झाडांनाही घालू नये, भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडावा. तळाशी बसलेला दोन बोटे पांढरा साका मात्र ठेवून त्यावर थेट ताजे साखरपाणी व सोडा घातल्यास नवे यीस्ट न घालता पुढची बाटली सुरू होते. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्याचा जोर ओसरतो, तेव्हा बाटली घासून धुऊन पुन्हा पाव चमचा यीस्टपासून सुरुवात करावी.